चौदा संघ, एक पिचर: एडविन जॅक्सनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसबॉलचा विषय निघाला की लोक बेब रूथ किंवा शोहेई ओहतानीबद्दल विचारतील असं वाटतं. माझ्या ओळखीतली मंडळी मात्र एकदा एडविन जॅक्सनची गोष्ट ऐकली की त्याच्याबद्दलच विचारत राहतात. चौदा संघांकडून खेळलेला माणूस, जिंकले त्याहून जास्त सामने हरलेला, आणि तरीही सतरा वर्षं मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगमध्ये, टिकलेला. भावांनी, ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी, अमेरिकेत शिकणाऱ्या भाचरांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बेसबॉल अजिबात माहीत नसेल तरी चालेल, लागेल तेवढं सांगतो.

एडविन जॅक्सन नेमका कोण?

अमेरिकन बेसबॉलमधला उजव्या हाताचा पिचर. जन्म ९ सप्टेंबर १९८३, तोही अमेरिकेत नव्हे, तर तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या न्यू-उल्म या गावी. वडील अमेरिकी सैन्यात होते आणि त्यांची नेमणूक तिकडे होती. पुढे तो जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस शहरात वाढला. २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांमध्ये, लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला सहाव्या फेरीत घेतलं. सहाव्या फेरीतल्या पोराकडून कुणी फार आशा ठेवत नाही.

आणि दोनच वर्षांनी, ९ सप्टेंबर २००३ ला, स्वतःच्या विसाव्या वाढदिवशी तो मेजर लीगमधला पहिला सामना खेळायला उभा राहिला. समोर ॲरिझोना डायमंडबॅक्स, आणि त्यांचा पिचर रँडी जॉन्सन. सहा फूट दहा इंच उंचीच्या या माणसाला त्या काळातले भलेभले बॅटर वचकून असत. पोरगा जिंकला. रँडी जॉन्सनचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

'जर्नीमन' म्हणजे प्रवास करणारा का?

बहुतेकांना तसंच वाटतं, पण शब्दाचं मूळ प्रवासात नाही. फ्रेंच भाषेतल्या 'दिवस' या अर्थाच्या शब्दातून तो आलाय. युरोपातल्या जुन्या कारागीर संघटनांमध्ये उमेदवारी संपवलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला कारागीर रोजावर काम करायचा, तो जर्नीमन. हातात पक्की कला असलेला, पण मालक नसलेला माणूस. काम असेल तिथे त्याला जावं लागे, म्हणून भटकंतीचा अर्थ नंतर जोडला गेला.

खेळाच्या भाषेत जर्नीमन म्हणजे एका संघात मूळ न धरता या संघातून त्या संघात जाणारा व्यावसायिक खेळाडू. आपल्याकडे 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' म्हणतात, त्याच चालीचं आयुष्य. पण मला पहिला अर्थ जास्त महत्त्वाचा वाटतो. काम येत असल्याशिवाय रोजावर कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही.

बेसबॉल कळत नाही. पिचरचं काम क्रिकेटच्या भाषेत सांगाल?

पिचर म्हणजे गोलंदाज, पण त्याला धाव घेता येत नाही. मैदानाच्या मधोमध दहा इंच उंचीचा मातीचा उंचवटा असतो, त्याला माउंड म्हणतात. त्यावरच्या रबरी पट्टीला पाय टेकवून जागच्या जागी अंग पिळायचं आणि १८.४४ मीटरवरच्या बॅटरकडे चेंडू फेकायचा. कोपर वाकवायला पूर्ण मुभा. टप्पा पडत नाही. जॅक्सन भरात असताना त्याचा वेगवान चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जायचा, आणि असा चेंडू बॅटरपर्यंत पोहोचायला अर्धा सेकंदही लागत नाही.

बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत एक काल्पनिक चौकट असते. चेंडू चौकटीत गेला किंवा बॅटरने बॅट फिरवली आणि चुकला, तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. बॅटरला तीन बेसवरून, म्हणजे मैदानातल्या तीन ठरलेल्या जागांवरून, फिरून परत यावं लागतं, तेव्हा एक धाव होते. चौकटीबाहेरचे चार चेंडू बॅटरने सोडून दिले, की त्याला चालत पहिल्या बेसवर जायला मिळतं, त्याला वॉक म्हणतात. वॉक म्हणजे पिचरने हाताने दिलेली भेट. तीन जण बाद झाले की संघाची अर्धी इनिंग संपते आणि सामना नऊ इनिंगचा असतो. सामन्याची सुरुवात करणारा तो स्टार्टर, मागून येणारे ते रिलीव्हर. स्टार्टर साधारण दर पाचव्या दिवशी खेळतो, कारण एवढ्या ताकदीने शंभर चेंडू फेकल्यावर खांदा-कोपर सावरायला तेवढे दिवस लागतात.

ते चौदा संघ कोणते? क्रमाने सांगा.

डॉजर्स (२००३ ते २००५), टँपा बे रेज (२००६ ते २००८, पहिली दोन वर्षं संघाचं नाव डेव्हिल रेज होतं), डेट्रॉइट टायगर्स (२००९), ॲरिझोना डायमंडबॅक्स (२०१०), शिकागो व्हाइट सॉक्स (२०१०-११), सेंट लुईस कार्डिनल्स (२०११), वॉशिंग्टन नॅशनल्स (२०१२), शिकागो कब्स (२०१३ ते २०१५), अटलांटा ब्रेव्ह्ज (२०१५), मायामी मार्लिन्स आणि सॅन डिएगो पाद्रेस (दोन्ही २०१६), बॉल्टिमोर ओरिओल्स (२०१७), ओकलंड ॲथलेटिक्स (२०१८), टोरांटो ब्लू जेज (२०१९).

शिवाय २०१७ मध्ये नॅशनल्सकडे आणि २०१९ च्या उत्तरार्धात टायगर्सकडे पुन्हा एकेक फेरी झाली. मेजर लीगमध्ये संघ आहेत तीस. जवळजवळ निम्म्या संघांचा गणवेश या माणसाच्या अंगावर चढून गेला.

इतक्यांदा संघ बदलला म्हणजे त्याचं वागणं बरं नव्हतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि दर वेळी मला तो टोचतो. आपल्याकडे सतत बदली होणाऱ्या माणसाबद्दल हीच शंका घेतात. माझे वडील बँकेत होते, दर तीन वर्षांनी बदली. नव्या गावच्या शाळेत पहिल्या दिवशी बाकावरच्या पोरांची नजर काय विचारत असायची, ते मला चांगलं आठवतं.

जॅक्सनच्या बाबतीत उत्तर साफ 'नाही' असं आहे. ज्या ज्या संघात तो गेला, तिथे सहकाऱ्यांनी त्याच्याबद्दल चांगलंच सांगितलं. संघ बदलण्याची कारणं खेळाच्या व्यवस्थेत आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

मेजर लीगमध्ये पहिली सहा वर्षं खेळाडू स्वतःचा संघ निवडू शकत नाही. सहा वर्षांची सेवा भरली की मगच तो मोकळा होतो, त्याला फ्री एजंट म्हणतात. तोवर संघ त्याला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात दुसरे खेळाडू घेऊ शकतो, म्हणजे ट्रेड करू शकतो. खेळाडूला विचारण्याचं बंधन नाही. नकार देण्याचा हक्क एक तर करारात लिहून घ्यावा लागतो, नाही तर दहा वर्षांची सेवा आणि त्यातली शेवटची सलग पाच वर्षं एकाच संघात काढावी लागतात. जॅक्सनने एका संघात सलग पाच वर्षं कधीच काढली नाहीत. म्हणजे वारंवार हलवल्यामुळेच 'मला हलवू नका' म्हणण्याचा हक्क त्याला मिळाला नाही.

आता पहिल्या काही ट्रेड पाहा. जानेवारी २००६ मध्ये डॉजर्सना अनुभवी रिलीव्हर हवे होते, म्हणून त्यांनी हा तरुण टँपाला दिला. डिसेंबर २००८ मध्ये टँपाला बॅटर हवा होता, म्हणून मॅट जॉइसच्या बदल्यात तो डेट्रॉइटला गेला. तिथे २००९ मध्ये त्याने १३ सामने जिंकले, ऑल-स्टार संघात, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या संघात, निवडला गेला, आणि त्याच डिसेंबरात तीन संघांच्या मोठ्या अदलाबदलीत ॲरिझोनाला गेला. त्या व्यवहारात ॲरिझोनाकडून डेट्रॉइटला आला मॅक्स शेर्झर, ज्याने पुढे साय यंग हा पिचरचा सर्वोच्च पुरस्कार तीनदा जिंकला. डेट्रॉइटला आपल्या उत्तम वर्षातल्या जॅक्सनच्या बदल्यात अजून घडायचा होता असा शेर्झर मिळाला.

ज्याला बाजारात भाव नाही, त्याच्या बदल्यात कुणी काही देत नाही.

आणि त्या नो-हिटरची गोष्ट काय आहे?

ही गोष्ट सांगायला मी कधीही तयार असतो.

नो-हिटर म्हणजे नऊच्या नऊ इनिंग टाकून प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देणं. म्हणजे एकाही बॅटरला चेंडू मारून सुखरूप बेसवर पोहोचू न देणं. थोर म्हणवणारे कितीतरी पिचर हे एकदाही न साधता निवृत्त झाले.

२५ जून २०१०. सेंट पीटर्सबर्ग, फ्लोरिडा, ट्रॉपिकाना फील्ड हे छप्पर असलेलं मैदान. जॅक्सन आता ॲरिझोनाचा, आणि समोर टँपा बे रेज, ज्यांनी दीड वर्षापूर्वी त्याला देऊन टाकलं होतं. माउंडसुद्धा त्याच्या जुन्या घरचाच. दुसऱ्या इनिंगमध्ये ॲडम लारोशने होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा थेट कुंपणापार जाणारा फटका, मारला आणि ॲरिझोनाला एक धाव मिळाली. सामन्यातली ती एकमेव धाव.

त्या रात्री जॅक्सनचा चेंडू त्याचं ऐकतच नव्हता. वेग होता, पण चौकट सापडत नव्हती. पहिल्या तीन इनिंगमध्येच त्याने सात वॉक दिले. तिसऱ्या इनिंगच्या सुरुवातीलाच ओळीने तीन बॅटर चालत गेले. तिन्ही बेस भरलेले, बाद कुणी नाही. क्रिकेटमध्ये नवा गोलंदाज वाइडवर वाइड टाकायला लागला की मिडऑफवरून कर्णधार चालत येतो, तसा प्रसंग. आणखी एक वॉक गेला असता तर बरोबरी झाली असती, एक बरा फटका बसला असता तर सामना हातचा गेला असता. अशा वेळी बहुतेक व्यवस्थापक, म्हणजे मैदानाबाहेरून संघ चालवणारे, बुलपेनमध्ये, म्हणजे रिलीव्हर हात मोकळा करतात त्या जागी, कुणाला तरी उठवतात.

त्याने एकेक करून तिघांना बाद केलं. धाव शून्य. हिट शून्य.

तिथून पुढच्या सहा इनिंगमध्ये त्याने फक्त एक वॉक दिला. पण तोवर चेंडू भरमसाट पडले होते. आजकाल स्टार्टरचे शंभर चेंडू झाले की व्यवस्थापक हात वर करतो. सातव्या-आठव्या इनिंगला तो आकडा मागे पडला होता आणि व्यवस्थापक ए. जे. हिंचला निर्णय घ्यायचा होता. जॅक्सनने त्याला सांगितलं की हिट जाईपर्यंत मी उतरणार नाही. हिंचने ऐकलं. सामना संपला तेव्हा त्याचे एकूण चेंडू झाले होते १४९. म्हणजे जवळजवळ पंचवीस षटकं, एकट्याने, एका संध्याकाळी. आठ वॉक, सहा स्ट्राइकआउट, एक बॅटर चेंडू अंगावर लागून बेसवर गेलेला, आणि हिट एकही नाही. निकाल १-०.

आपल्याकडे तेव्हा २६ जूनची पहाट होती. मी चहाचा कप घेऊन संगणकावर स्कोअरकार्ड ताजं करत बसलो होतो, आणि हिटच्या रकान्यातलं ते शून्य नवव्या इनिंगपर्यंत हललं नाही.

डायमंडबॅक्सच्या इतिहासातला हा दुसरा नो-हिटर. पहिला २००४ मध्ये टाकला होता रँडी जॉन्सनने, ज्याला हरवून या पोराने कारकीर्द सुरू केली होती.

आणि पुढे? ३० जुलै २०१० ला, म्हणजे पाच आठवड्यांनी, ॲरिझोनाने त्याला शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन टाकलं.

एका दिवसात तो दोन संघांचा झाला होता, हे खरं का?

खरं आहे. २७ जुलै २०११ ला व्हाइट सॉक्सनी त्याला टोरांटो ब्लू जेजला दिलं आणि त्याच दिवशी टोरांटोने त्याला सेंट लुईस कार्डिनल्सकडे पाठवलं. जुलै संपता संपता ट्रेडची मुदत संपते, त्यामुळे त्या आठवड्यात फोन थांबत नाहीत. टोरांटोचा तो काही तासांपुरता झाला, चेंडू एकही टाकला नाही. आठ वर्षांनी, १५ मे २०१९ ला, त्याने खरोखर टोरांटोचा गणवेश घातला आणि तोच चौदावा संघ ठरला.

त्या २०११ च्या व्यवहारात त्याच्याबरोबर सेंट लुईसला गेलेला आणखी एक पिचर होता डोमिनिकन रिपब्लिकचा ऑक्टाव्हियो डोटेल. डोटेल पुढच्या वर्षी डेट्रॉइटकडून खेळला आणि तेरा संघांचा विक्रम त्याच्या नावावर लागला. जो विक्रम जॅक्सनने पुढे मोडला, त्याचा धनी त्याच दिवशी त्याच्याच बरोबर बॅग भरत होता.

त्याने कधी जगज्जेतेपद मिळवलं का?

हो, त्याच २०११ च्या शरद ऋतूत. कार्डिनल्सनी टेक्सस रेंजर्सना सात सामन्यांच्या वर्ल्ड सीरिजमध्ये ४-३ असं हरवलं. जॅक्सनने चौथा सामना सुरू केला होता आणि तो हरला. पण विजेत्यांची अंगठी त्याच्या आणि डोटेलच्याही बोटात आली. त्याआधी २००८ मध्ये टँपाबरोबर तो वर्ल्ड सीरिजपर्यंत गेला होता. तेव्हा फिलाडेल्फिया फिलीज जिंकले.

१०७ जिंकले, १३३ हरले. मग संघ त्याला घेत का राहिले?

हाच खरा मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर.

थोडी आकडेमोड करू. मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, प्रत्येकी नऊ इनिंग. म्हणजे एका संघाला दर वर्षी साधारण १,४५८ इनिंग कुणाकडून तरी टाकून घ्याव्या लागतात. अव्वल दर्जाचा, धडधाकट पिचर वर्षाला दोनशेच्या आसपास टाकतो. असे दोन असणारा संघ भाग्यवान. बाकीच्या हजारभर इनिंग कोण टाकणार? कोपराचा सांधा दुखावलेला पिचर वर्षभर घरी बसतो, कोवळा पोरगा जुलैतच थकतो. एप्रिलच्या थंडीत डेट्रॉइटला आणि ऑगस्टच्या उकाड्यात सेंट लुईसला, दर पाचव्या दिवशी, न चुकता माउंडवर उभा राहणारा माणूस शोधताना संघ मेटाकुटीला येतात.

जॅक्सनने २००८ ते २०१३ अशी सलग सहा वर्षं दर मोसमात १७५ हून जास्त इनिंग टाकल्या. या सहा वर्षांत तो सात संघांकडून खेळला. घर बदललं, कॅचर बदलले, व्यवस्थापक बदलले, पण पाचव्या दिवशी हा माउंडवर हजर. कारकिर्दीत एकूण ४१२ सामने, त्यातले ३१८ स्टार्टर म्हणून, १,९६० इनिंग आणि १,५०८ स्ट्राइकआउट. नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी ४.७८. ही सरासरी चांगली नाही, हे मान्यच करायला हवं. उत्तम पिचरची तीनच्या आसपास असते. पण धावांची सरासरी एक गोष्ट सांगते आणि इनिंगची बेरीज दुसरी, आणि संघाचा हिशेब ठेवणाऱ्याला दोन्ही लागतात.

जय-पराजयाच्या आकड्यावर तर मी फार विसंबतच नाही. पिचरने दोनच धावा दिल्या आणि त्याच्या संघाने एकही काढली नाही, तरी पराभव त्याच्या नावावर पडतो. २०१३ मध्ये कब्सकडून तो १८ सामने हरला, नॅशनल लीगमधले (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) सर्वांत जास्त. तो स्वतः वाईट खेळलाच होता, पण संघही दुबळा होता. हरायलासुद्धा १८ वेळा कुणीतरी हातात चेंडू द्यावा लागतो.

पैसे किती मिळाले? आणि कब्सबरोबरचा करार फसला म्हणतात, ते काय?

२०१२ मध्ये नॅशनल्सनी एका वर्षासाठी १ कोटी १० लाख डॉलर दिले. पुढच्या वर्षी कब्सनी चार वर्षांसाठी ५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. कारकिर्दीत पहिल्यांदाच चार वर्षं एका जागी राहण्याची हमी. नेमका तिथेच खेळ बिघडला. २०१४ मध्ये ६ विजय, १५ पराभव, सरासरी ६.३३. २०१५ मध्ये त्याला रिलीव्हर केलं आणि जुलैत सोडून दिलं.

आता बेसबॉलच्या व्यवहारातली एक मेख. मेजर लीगचा करार हमीचा असतो. खेळाडूला काढलं तरी उरलेले पैसे द्यावेच लागतात. जॅक्सनला २०१६ अखेरपर्यंतचा पगार कब्स देणार होते, त्यामुळे त्याला उचलणाऱ्या नव्या संघावर किमान पगारापुरताच बोजा पडणार होता. अनुभवी पिचर, जवळजवळ फुकट. अटलांटा, मायामी आणि सॅन डिएगो हे तीन संघ त्याच्या यादीत लागोपाठ दिसतात, त्यामागे ही गोष्ट मोठी आहे.

मोठ्या पगारानंतर तो पुन्हा मायनर लीगमध्ये गेला?

गेला. मायनर लीग म्हणजे मेजर लीगच्या खालची उतरंड. प्रत्येक संघाची वेगवेगळ्या पायऱ्यांवरची आपली उपसंघटना असते, सर्वांत वरची पायरी ट्रिपल-ए. तिथे विमानाऐवजी अनेकदा बस, मोठ्या शहराऐवजी छोटं शहर, आणि ड्रेसिंग रूममध्ये बावीस-तेवीस वर्षांची पोरं. करारही साधा: वसंत ऋतूतल्या सराव शिबिरात या, जागा मिळाली तर मेजर लीगचा पगार, नाही तर खाली खेळा. ठरावीक तारखेपर्यंत वर बोलावलं नाही तर करार मोडायची मुभा असते.

२०१७ मध्ये ओरिओल्सच्या आणि २०१८ मध्ये नॅशनल्सच्या मायनर संघात त्याने अशीच सुरुवात केली. नॅशनल्सनी वर बोलावलं नाही म्हणून २०१८ च्या जूनमध्ये तो ओकलंडकडे गेला. २५ जून २०१८ ला, नो-हिटरला बरोबर आठ वर्षं झाली त्या दिवशी, त्याने ओकलंडकडून पहिला सामना सुरू केला, डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध. तेरावा संघ, डोटेलशी बरोबरी. त्या मोसमात ओकलंडचे स्टार्टर एकामागून एक जायबंदी झाले होते आणि या चौतिशीतल्या माणसाने १७ सामने सुरू करून ६ जिंकले, ३ हरले, सरासरी ३.३३. संघ बाद फेरीपर्यंत गेला. त्याच्या सगळ्या मोसमांमध्ये मला हाच सर्वांत आवडतो, नो-हिटरच्या वर्षाहूनही.

नव्या संघात गेल्यावर पिचरला काय काय करावं लागतं?

बाहेरून वाटतं, चेंडू तोच, अंतर तेच, मग अडचण काय? अडचण कॅचरपाशी सुरू होते. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे बसणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा, पण पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे सुचवणाराही तोच. जॅक्सनच्या सगळ्या कारकिर्दीत हे बोटांच्या खुणांनी चालायचं. एक बोट म्हणजे वेगवान चेंडू, दोन म्हणजे वळणारा, वगैरे. पण प्रतिस्पर्धी दुसऱ्या बेसवर पोहोचला की त्याला त्या खुणा दिसतात, म्हणून मग गुंतागुंतीच्या खुणा: तिसरी खूण खरी, किंवा अमुक खुणेनंतरची खरी. प्रत्येक संघाची पद्धत वेगळी. दुपारी येऊन पोहोचलेला पिचर संध्याकाळी अनोळखी कॅचरबरोबर हे पाठ करून उभा राहतो. चूक झाली तर कॅचर वळणाऱ्या चेंडूची वाट पाहत असतो आणि येतो दीडशेच्या वेगाने सरळ. बटण दाबून खूण पोहोचवणारं उपकरण मेजर लीगमध्ये २०२२ मध्ये आलं, तोवर जॅक्सन मैदानाबाहेर होता.

शिवाय घराचा भाडेकरार, मुलांची शाळा, बायकोने एकटीने बांधलेलं सामान. या गोष्टी कुठल्याच स्कोअरकार्डात येत नाहीत. सैनिकाच्या घरात वाढलेल्या पोराला बिऱ्हाड हलवण्याची सवय लहानपणीच लागली असणार, असं मला वाटतं.

शेवट कसा झाला?

मैदानावरचा शेवट कठीण होता. २०१९ मध्ये टोरांटो आणि डेट्रॉइट मिळून ३ विजय, १० पराभव, सरासरी ९.५८. डेट्रॉइटचा तो संघच ११४ सामने हरला. २०२० मध्ये ॲरिझोनाने मायनर करार केला, पण वर जाणं झालं नाही.

मात्र २०२१ मध्ये तो टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या संघात होता. मेजर लीगचे चालू खेळाडू त्या ऑलिम्पिकला सोडले गेले नव्हते, त्यामुळे तो संघ होतकरू पोरं आणि जुन्या जाणत्यांचा मिळून झाला होता. अंतिम सामन्यात जपानने त्यांना २-० ने हरवलं आणि जॅक्सनच्या गळ्यात रौप्यपदक आलं. सप्टेंबर २०२२ मध्ये, एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, त्याने निवृत्ती जाहीर केली. कृष्णवर्णीय मुलांना बेसबॉलपर्यंत आणणाऱ्या प्लेयर्स अलायन्स या संस्थेच्या उभारणीत तो २०२० पासून होता. त्याच कामात त्याच्या बरोबरीने कर्टिस ग्रँडरसन होता, २००९ च्या तीन संघांच्या अदलाबदलीत डेट्रॉइटहून न्यूयॉर्क यँकीजला गेलेला.

भारतातून कुणी पिचर झालंय का?

मेजर लीगपर्यंत नाही. २००८ मध्ये भारतात वेगवान चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली, त्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. दोघे मायनर लीगमध्ये खेळले. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजांतून सॉफ्टबॉल आणि बेसबॉल बऱ्यापैकी खेळतात, मीही शाळेत सॉफ्टबॉलचा पिचर होतो. पण तिथून ट्रिपल-एपर्यंतचं अंतर फार मोठं आहे. पिचर लहानपणापासून हजारो चेंडू टाकून घडतो, आणि त्यासाठी मैदान, प्रशिक्षक आणि दर आठवड्याला सामना लागतो.

चौदा संघांचा विक्रम अजून त्याचाच आहे का?

आता त्यात वाटेकरी आहे. डावखुरा पिचर रिच हिल. याची वाट तर आणखी वाकडी. २०१५ मध्ये तो मेजर लीगशी संबंध नसलेल्या स्वतंत्र लीगमध्ये, लाँग आयलंड डक्स नावाच्या संघाकडून खेळत होता, वय पस्तीस. तिथून बॉस्टन रेड सॉक्सनी उचललं आणि दीड वर्षाच्या आत त्याने डॉजर्सशी तीन वर्षांचा ४ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला.

२२ जुलै २०२५ ला, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो कॅन्सस सिटी रॉयल्सकडून माउंडवर उभा राहिला आणि त्याचेही चौदा संघ झाले. सामना होता शिकागोच्या रिग्ली फील्डवर, कब्सविरुद्ध. २००५ मध्ये हिलने मेजर लीगमधला पहिला चेंडू टाकला होता, तो कब्सकडूनच. रॉयल्सनी त्याला दोन सामने दिले आणि महिना संपायच्या आत यादीतून काढलं.

डोटेलला मात्र ही बरोबरी पाहता आली नाही. ८ एप्रिल २०२५ ला सांतो दोमिंगो शहरातल्या एका नाइट क्लबचं छत कोसळलं आणि त्या दुर्घटनेत तो गेला.